काईटबोर्डिंगचा पहिला काईट कसा निवडायचा?

घाबरलेला माणूस हातात असेल ते घट्ट धरतो आणि स्वतःकडे ओढतो. जिन्यावर पाय घसरला तर कठडा आपण असाच धरतो, आणि तिथे ते बरोबरच असतं. काईटबोर्डिंगमध्ये, म्हणजे काईट या मोठ्या पतंगाच्या ओढीवर बोर्डवरून पाण्यावर पळण्याच्या खेळात, मात्र हीच सवय अंगाशी येते. इथे हातात एक आडवा दांडा असतो, त्याला बार म्हणतात. बार जवळ ओढला की वरचा काईट जास्त जोराने खेचतो, लांब सोडला की ओढ कमी होते. म्हणजे जीव घाबरला की शरीर नेमकं उलटं करतं. शिकणारा प्रत्येक जण सुरुवातीचे काही दिवस ही एकच चूक पुन्हा पुन्हा करतो. त्यामुळे पहिला काईट निवडताना मी एकच प्रश्न धरून बसतो: माझी चूक झाली तर हा काईट काय करेल? तो किती उंच उडवेल, किती वेगाने पळवेल, दिसतो कसा, हे सगळं नंतरचं.

ज्यांनी हा खेळ लांबूनच पाहिला आहे त्यांच्यासाठी आधी थोडी मांडणी. पायाखाली बोर्ड. कमरेला हार्नेस, म्हणजे हुक असलेला रुंद पट्टा. हार्नेसच्या हुकात बारखालची एक कडी अडकवलेली, तिला सगळे चिकन लूप म्हणतात. बारपासून चार, क्वचित पाच दोऱ्या निघतात आणि साधारण २० ते २४ मीटरवर काईट असतो. ओढ कमरेवर येते, हातांवर नाही. मधल्या दोन दोऱ्या काईटच्या पुढच्या कडेला जातात, भार त्याच वाहतात. बाहेरच्या दोन मागच्या टोकांना जातात, त्यांच्यामुळे काईट वळतो. बार जवळ घेतला की या बाहेरच्या दोऱ्या ताणल्या जातात, काईटची मागची कड खाली खेचली जाते आणि त्याचा वाऱ्याशी असलेला कोन बदलतो. पाण्याखाली तळवा आडवा धरून हात फिरवून बघा, सहज कापत जातो. तळवा थोडा कलता केला की लगेच हाताला जोर लागतो. बार जे करतो ते एवढंच.

आता हवेकडे. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिलात तर तुमच्यासमोर डावीकडून उजवीकडे आणि जमिनीपासून डोक्यापर्यंत एक अर्धा घुमट आहे असं समजा. काईट या घुमटाच्या पृष्ठभागावरच फिरू शकतो. घुमटाच्या कडांवर, म्हणजे अगदी डावीकडे, अगदी उजवीकडे किंवा थेट डोक्यावर, ओढ कमी असते. मधोमध, तुमच्या समोर खाली, ओढ सर्वांत जास्त. या भागाला पॉवर झोन म्हणतात. काईट डोक्यावरून निघून पॉवर झोनमधून सुसाट खाली आला, तर तोच काईट, त्याच वाऱ्यात, कित्येक पट जास्त खेचतो, कारण आता त्याला नुसता वाहणारा वारा लागत नाही, स्वतःच्या वेगाचा वाराही लागतो.

वर्गाचा हिशेब

इथे एक गणित आहे, ते समजलं की निम्मी निवड आपोआप होते. काईटची ओढ त्याच्या क्षेत्रफळाच्या सरळ प्रमाणात वाढते, पण वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. काईट ९ चौरस मीटरऐवजी १२ चा घेतला तर ओढ एक तृतीयांशाने वाढली. वारा १२ नॉटचा १७ नॉट झाला तर ओढ दुप्पट झाली. (एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. म्हणजे हा फरक ताशी २२ आणि ताशी साडेएकतीस किलोमीटरमधला. झाडाखाली उभं राहून तो फारसा जाणवणारही नाही.) वारा १५ नॉटवरून सव्वासतराच्या आसपास गेला तरी नऊच्या जागी बाराचा काईट लावल्यासारखं होतं.

याचा अर्थ असा की नेमका आकार साधण्यावर लोक जितकं डोकं खपवतात तितकं खपवायची गरज नसते. वारा कधीच एका वेगाने वाहत नाही. दहा मिनिटांत तो तीन-चार नॉटनी वरखाली होतोच. म्हणून 'दहाचा घेऊ की अकराचा' यापेक्षा 'झुळूक आली आणि मी बार सोडला तर हा काईट किती ओढ टाकून देतो' हा प्रश्न कितीतरी मोठा आहे. ओढ टाकून देण्याच्या या क्षमतेला डीपॉवर म्हणतात. पहिल्या काईटमध्ये ती भरपूर हवी.

गंमत म्हणजे ही क्षमता काईटमध्ये अगदी सुरुवातीपासून नव्हती. फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या भावांनी १९८४ मध्ये हवा भरायच्या काईटचं पेटंट घेतलं. त्यांच्यापुढचा प्रश्न साधा होता: पाण्यात पडलेला काईट पुन्हा उडवायचा कसा? भिजलेलं कापड उठत नाही. म्हणून त्यांनी पुढच्या कडेला हवेची जाड नळी दिली, आडव्या नळ्या दिल्या. काईट तरंगू लागला, आकार धरून राहू लागला. आज शिकणारे वापरतात ते काईट या कल्पनेचेच वंशज आहेत. पण सुरुवातीचे इंग्रजी 'सी' अक्षरासारखे खोल वाकलेले काईट बार सोडूनही बरीच ओढ ठेवायचे. मोठा बदल झाला २००५ च्या सुमारास, जेव्हा ब्रुनो लेगेन्यूच्याच रचनेवर आधारलेले बो काईट बाजारात आले. यांची वाकण उथळ, मागची कड आत वळलेली, आणि पुढच्या कडेला आधार देणारी दोऱ्यांची जाळी. ती जाळी म्हणजे ब्रायडल. बार सोडला की यांची ओढ जवळजवळ नाहीशी होते. त्या आधीच्या काळातला जुना काईट कुणी फुकट दिला तरी शिकायला घेऊ नका. माळ्यावर ठेवा, पाहुण्यांना दाखवा.

चुका आणि त्यांना मिळणारी उत्तरं

शिकणाऱ्याच्या हातून ठराविक तीन-चार चुका होतात. त्या एकेक समोर ठेवल्या की काईटचा घाट आपोआप ठरत जातो.

पहिली चूक वर सांगितली: घाबरून बार ओढणं. बार फारच जवळ ओढला तर कोन इतका वाढतो की वारा काईटच्या पाठीवरून नीट वाहत नाही, काईट थबकतो आणि मागच्या मागे पडायला लागतो. याला बॅकस्टॉल म्हणतात. काही काईट याबाबतीत फार नाजूक असतात, काही सोशीक. नवशिक्याला सोशीक हवा. आणि पुढे शहाणपण सुचून बार सोडलाच, तर काईटने काय करावं? काही रचनांमध्ये तो हळूच वर सरकून डोक्यावर जाऊन थांबतो. काम थांबवून 'आता काय करायचं ते सांग' असं विचारणारा हा काईट. मला तरी पहिल्या काईटमध्ये यापेक्षा मोठा गुण दिसत नाही.

दुसरी चूक: काईटला डोक्यावर फार वेगाने आणणं. लांब, अरुंद पंखांचा काईट हवा सफाईने कापतो, त्यामुळे तो कधीकधी डोक्यावरून पुढे, वारा जिकडून येतो त्या बाजूला निघून जातो. मग दोऱ्या ढिल्या पडतात आणि काईट मेलेल्या पाखरासारखा खाली येतो. दोऱ्या पुन्हा ताणल्या जातात त्या क्षणी तो कुठे असेल याचा नेम नसतो, आणि पॉवर झोनमध्ये असला तर तुम्ही पाण्यावर नसता, हवेत असता. पंख किती लांब आणि किती अरुंद याचं माप म्हणजे आस्पेक्ट रेशो. पंखाच्या टोकापासून टोकापर्यंतच्या लांबीचा वर्ग भागिले क्षेत्रफळ. जास्त आस्पेक्ट रेशोचे काईट उंच उड्यांसाठी आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला तिरकं चढत जाण्यासाठी सरस. पण शिकणाऱ्याला कमी किंवा मध्यम आस्पेक्ट रेशोचाच हवा. तो थोडा मंद, थोडा गबाळा असेल, पण आपली जागा धरून राहतो.

हे मी पुस्तकी बोलत नाही. माझा स्वतःचा पहिला काईट १२ चा, पाच आडव्या नळ्यांचा, लांब पंखांचा होता. 'मोजून चारदा उडवलाय' म्हणून एकाने दिला. उड्यांसाठी बनवलेला काईट होता तो, आणि मला तेव्हा बोर्डवर उभंही राहता येत नव्हतं. दोन महिने मी स्वतःलाच दोष देत राहिलो. मग एकदा एका ओळखीच्या माणसाने आपला तीन नळ्यांचा १० चा काईट हातात दिला आणि म्हणाला, "याला जरा चालवून बघ." त्या दुपारी मी पहिल्यांदा सलग शंभर मीटर गेलो. माझी अक्कल एका दुपारीत वाढली असं काही झालं नव्हतं.

तिसरी गोष्ट खरं तर चूक नाही, रोजचंच आहे: काईट पाण्यात पडणं. शिकताना एका तासात तो दहा-वीस वेळा पडतो. प्रत्येक वेळी उठवायला पाच मिनिटं लागली तर शिकायला वेळच उरत नाही, आणि तोवर वारा तुम्हाला खाली वाहून नेत असतो. डेल्टा (साधारण त्रिकोणी आकाराचे) आणि बो घाटाचे काईट यात उत्तम. एका बाजूची मागची दोरी धरून हळूहळू ओढायची, काईट पाण्यावर लोळत घुमटाच्या कडेला जातो, एक पंख वर उचलतो आणि वर चढू लागतो. खोल वाकणीच्या सी काईटला असं उठवणं अवघड. म्हणून डेल्टा, बो, किंवा दोन्हीचे गुण मिसळलेला हायब्रिड, यांपैकी कोणताही चालेल. कंपन्या या नावांची इतकी सरमिसळ करतात की नावावर जाऊ नये. विचारायचं ते हे: कमी वाऱ्यात पाण्यावरून किती सहज उठतो? आणि शक्य असेल तर कुणी उठवताना उभं राहून बघायचं.

आडव्या नळ्यांना स्ट्रट म्हणतात. एक, तीन किंवा पाच असतात. पाचाचे काईट भक्कम आणि जोराच्या वाऱ्यात आकार धरून राहणारे, पण जड. एका स्ट्रटचे अगदी हलके, मंद वाऱ्यात छान, पण वारा वाढला की कापड फडफडतं. तीन हा मधला मार्ग. लाटांवर खेळणाऱ्यांसाठी बनवलेले बरेच काईट तीन स्ट्रटचे, कमी आस्पेक्ट रेशोचे आणि पाण्यावरून पटकन उठणारे असतात. त्यामुळे लाटांशी काही देणंघेणं नसलं तरी नवशिक्याला त्यांतले काही चांगले जमतात. फक्त त्यांतले फार चपळ वळणारे टाळा.

बारवर हाताला जाणवणाऱ्या दाबाबद्दल क्वचितच कुणी बोलतं. काही काईटचा बार लोण्यासारखा हलका असतो. ऐकायला छान, पण नवशिक्याला काईट कुठे आहे हे न बघता कळायला हवं, आणि ते हातातल्या दाबावरूनच कळतं. अगदी हलक्या बारवर तुम्ही सतत मान वर करून बघत राहता आणि बोर्डकडे लक्ष राहत नाही. फार जड असला तर अर्ध्या तासात दंड भरून येतात. मध्यम बरा.

किती मोठा?

हा प्रश्न सगळे पहिला विचारतात. मी तो मुद्दाम मागे ठेवला. एक ढोबळ हिशेब असा: तुमचं वजन किलोमध्ये घ्या, वाऱ्याच्या नॉटमधल्या वेगाने भागा, आणि येईल त्याला २.२ ते २.४ ने गुणा. ७५ किलोचा माणूस आणि १५ नॉटचा वारा असेल तर उत्तर ११ ते १२ चौरस मीटर. २० नॉटला ८ ते ९. ६० किलोच्या व्यक्तीला १५ नॉटला ९-१० चा पुरतो, ९० किलोच्याला त्याच वाऱ्यात १३-१४ लागतो. हा सपाट पाण्यावर, साध्या दुतोंडी बोर्डवर उभं राहणाऱ्यासाठीचा अंदाज आहे.

लक्षपूर्वक वाचणाऱ्याला इथे खटकलं असेल. ओढ वाऱ्याच्या वर्गाने वाढते, मग हिशेबात वारा वर्गाने का नाही? कारण मंद वाऱ्यात आपण काईट सतत वरखाली फिरवून स्वतःचा वारा तयार करतो आणि जोराच्या वाऱ्यात त्याला एका जागी ठेवून, बार सोडून ओढ टाकून देतो. फरकाचा बराचसा भाग माणूस स्वतःच भरून काढतो. नवशिक्याला हे दोन्ही नीट जमत नाही, म्हणून त्याच्यासाठी चालणाऱ्या वाऱ्याचा पट्टा अनुभवी माणसापेक्षा अरुंद असतो. काईटच्या पिशवीवर '१२ ते २६ नॉट' असं छापलेलं असतं ते अनुभवी हातांसाठी. तुमच्यासाठी त्यातला मधला तुकडाच खरा.

मोठा काईट मंद वळतो, लहान काईट चपळ. म्हणून 'लहान म्हणजे सुरक्षित' हा समज अर्धाच खरा आहे. ५-६ चा काईट एवढ्या झटक्यात वळतो की बारची बोटभर हालचाल झाली तरी तो पॉवर झोनमधून सूं करत जातो. आणि एवढा लहान काईट लागतो म्हणजे वारा तेवढा जोराचा आहे. अशा दिवशी शिकणाऱ्याने काठावर बसून इतरांना बघावं. उलट वारा मंद आणि काईट लहान, तर तो धड उडतही नाही, दोऱ्या ढिल्या पडतात आणि पुन्हा पुन्हा पाण्यात. १४ च्या पुढचे काईट मंद असतात आणि पाण्यात पडले की उठायला वेळ घेतात.

मग एकच घ्यायचा तर कोणता? जिथे शिकणार आहात तिथे तुम्ही ज्या दिवशी पाण्यात उतराल त्या दिवसांचा नेहमीचा वारा किती, हे आधी शोधा. शिकायला साधारण १२ ते २० नॉटचा, एकसारखा वाहणारा आणि काठाला तिरका येऊन भिडणारा वारा चांगला. काठाकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यात कुठलाच काईट योग्य नसतो, तो विषय तिथेच संपतो. तुमच्या जागी बहुतेक दिवस १४ ते १८ नॉट असेल आणि वजन ७५ च्या आसपास असेल, तर ११ किंवा १२. बहुतेक दिवस १८ ते २२ असेल तर ९ किंवा १०. दोघांच्या मध्ये अडलात तर लहानाकडे झुका आणि बोर्ड मोठा घ्या. पायाखाली जास्त फळी असली की कमी ओढीतही माणूस पाण्यावर तरतो, आणि मोठ्या बोर्डने कुणाला कधी हवेत उचललेलं नाही. पुढे दुसरा काईट घ्यायची वेळ येईल तेव्हा पहिल्यापेक्षा दोन-तीन चौरस मीटरचं अंतर ठेवा. १० आणि ११ अशी जोडी निव्वळ उधळपट्टी.

आकड्याबद्दल आणखी एक सांगायचं राहिलं. पिशवीवर लिहिलेले चौरस मीटर म्हणजे काईट जमिनीवर सपाट पसरला तर होणारं क्षेत्रफळ. उडताना तो वाकलेला असतो, त्यामुळे वाऱ्याला सामोरं जाणारं क्षेत्रफळ त्याहून कमी. खोल वाकणीचा १२ आणि उथळ वाकणीचा १२ यांची ओढ सारखी नसते. मित्राचा बाराचा जमला म्हणून दुसऱ्या घाटाचा बाराचा डोळे मिटून घेऊ नका.

सरावाचा छोटा काईट

अगदी पहिली पायरी म्हणून २ ते ३ चौरस मीटरचा, कापडी कप्प्यांचा ट्रेनर काईट मिळतो. हवा भरावी लागत नाही, दोन किंवा तीन दोऱ्या, हार्नेस नाही. मोकळ्या वाळूवर ८ ते १२ नॉटच्या वाऱ्यात उडवायचा. घुमट, कडा, पॉवर झोन या गोष्टी शब्दांतून जितक्या कळत नाहीत तितक्या याच्यासोबत एका संध्याकाळी कळतात. काईटकडे न बघता त्याला इंग्रजी आठच्या आकारात फिरवता आलं की शिकवणीतले पहिले काही तास वाचतात. त्याला खेळणं समजू नका. वारा वाढला तर ३ चा ट्रेनरही मोठ्या माणसाला वाळूवर फरफटत नेतो.

ट्रेनर कप्प्यांचा असतो म्हणून मोठाही तसाच घ्यावा असं काहींना वाटतं. कप्प्यांचे बंद तोंडाचे मोठे फॉइल काईट पाण्यावरही चालतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये काईटची शर्यत पहिल्यांदा झाली, मार्सेयच्या समुद्रात, ती अशाच काईटवर. पण त्यांच्या ब्रायडलची जाळी भली मोठी असते, पाण्यात पडून गुंतली तर सोडवता सोडवता नाकी नऊ येतात. शिवाय हवा भरलेल्या काईटचा एक फायदा तिथे नाही: सगळंच फसलं, वारा पडला, दोरी तुटली, तरी फुगलेला काईट तरंगत राहतो. दोऱ्या गुंडाळत त्याच्यापर्यंत जायचं, त्यावर टेकायचं, पंख शिडासारखा धरून वाऱ्यासोबत काठाला यायचं. शिकणाऱ्याने ही सोबत सोडू नये.

जुना घेताना

बहुतेकांचा पहिला काईट वापरलेलाच असतो आणि त्यात काही गैर नाही. शिकताना तुम्ही त्याला आपटणारच आहात. पण बघून घ्या. कापड चिमटीत धरून चुरगाळा. नव्या कापडाचा कागदासारखा करकर आवाज येतो. उन्हाने आणि फडफडून जुनं झालेलं कापड मऊ पडतं, आणि मऊ कापड आकार धरत नाही. उन्हासमोर धरून बघा, बारीक भोकं आणि ठिगळं दिसतात. नीट चिकटवलेलं छोटं ठिगळ चालेल. पुढच्या जाड नळीची शिवण उसवून पुन्हा शिवलेली असेल तर नमस्कार करून निघा, कारण सगळा दाब तिथेच असतो.

मग हवा भरा. पुढच्या नळीवर छापलेल्या दाबाएवढी, बहुधा ६ ते ८ पीएसआय. तशीच दोन तास ठेवून द्या, जमलं तर रात्रभर. माझा तो 'चारदा उडवलेला' काईट सकाळी चादरीसारखा पडलेला होता, आणि पैसे आदल्या दिवशीच दिलेले होते. हवा थोडी कमी असलेला काईट वाऱ्यात मधोमध दुमडतो आणि पाण्यावरून उठत नाही. नवशिक्यांचा 'वाईट काईट' पुष्कळदा फक्त कमी हवेचा काईट असतो. पंप मारताना हात दुखले म्हणून थांबू नका.

दोऱ्यांच्या गाठी, ब्रायडलमधल्या छोट्या कप्प्या आणि त्यांतून फिरणारी दोरी बघा. कप्पी वाळूने अडली की दोरी घासून तुटते. चारही दोऱ्या एका खिळ्याला अडकवून ताणा, बार सरळ राहतो का बघा. वापराने मधल्या आणि बाहेरच्या दोऱ्या कमीजास्त ताणल्या जातात आणि चांगला काईटही एका बाजूला ओढू लागतो किंवा थबकू लागतो. बार शक्यतो त्याच कंपनीचा, त्याच काळातला असावा. दोऱ्या कुठे दुभागतात, किती लांब आहेत, सुरक्षेची दोरी कुठली, हे कंपनीगणिक बदलतं.

आणि रिलीज, म्हणजे काईटपासून सुटका करून घ्यायची कळ. ओढ आवरेनाशी झाली तर तीन पायऱ्या असतात. आधी बार सोडायचा. तरी भागलं नाही तर चिकन लूपची कळ ढकलायची. मग काईट एकाच पुढच्या दोरीवर लटकतो, वारा धरत नाही, पाण्यावर लोळतो. तेही पुरलं नाही तर त्या दोरीला हार्नेसशी जोडणाऱ्या सुरक्षेच्या पट्ट्याची कळ दाबून काईट पूर्णपणे सोडून द्यायचा. या कळी कशा चालाव्यात, भार असतानाही किती जोरात सुटाव्यात, यासाठी २०२० मध्ये आयएसओ २१८५३ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. काईट पाच वर्षं जुना चालेल, पण बार या मानकानुसार बनवलेला असेल तर उत्तम. तडजोड करायचीच तर ती काईटच्या वयात करा, बारच्या कळीत नको.

खरेदी कधी करायची, याचं माझं उत्तर: शिकवणी संपल्यावर. शिकवणाऱ्यांकडे वेगवेगळ्या आकारांचे काईट असतात, ते तुमचं वजन आणि त्या दिवशीचा वारा बघून देतात, आणि सुरुवातीला पुष्कळदा आखूड दोऱ्यांवर, कारण आखूड दोरीवर काईटला वेग घ्यायला जागा कमी मिळते. आठ-दहा तासांत दोन-तीन काईट हाताखालून जातात. कोणत्या दिवशी कोणता आकार होता, वारा किती होता, तुम्हाला कसं वाटलं, हे वहीत लिहून ठेवा. ती चार ओळींची वही दुकानातल्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा खरी. शिवाय शिकवणाऱ्याला सरळ विचारा, "माझ्या वजनाला, इथल्या वाऱ्याला तुम्ही काय घ्याल?" रोज नवशिक्यांना पडताना बघणाऱ्या माणसाचं मत असतं ते.

नवा बार घरी आला की तो पाण्यात नेण्याआधी हार्नेस घाला, चिकन लूप हुकात अडकवा, दोऱ्या एखाद्या झाडाला किंवा खांबाला बांधा, मागे रेलून त्यांच्यावर अंगाचा भार टाका आणि डोळे मिटून कळ ढकला. पडाल म्हणून मागे कुणाला तरी उभं करा. पुन्हा जोडा, पुन्हा ढकला. उजव्या हाताने, मग डाव्या हाताने, दहा-दहा वेळा. आणि पाण्यातून आल्यावर दर वेळी ती कळ गोड्या पाण्याने धुवा, कारण वाळू आधी तिथेच जाऊन बसते.